ऐरणीचा ‘ऐ’ आणि पत्र्यावरचा पाऊस

पहिलीच्या वर्गातल्या अक्षरतक्त्यावर ‘ऐ’ शेजारी ऐरणीचं चित्र असतं. एका शाळेत मी मागच्या भिंतीला टेकून बसले होते. बाई पट्टीने एकेक अक्षर दाखवत होत्या, मुलं एका सुरात म्हणत होती. ‘ऐ’वर पट्टी आली तेव्हा सगळा वर्ग ‘ऐ ऐरणीचा’ म्हणाला. मधल्या सुट्टीत मी एका मुलाला तेच चित्र दाखवून विचारलं, ‘हे काय रे?’ तो म्हणाला, ‘टेबल.’ ‘आणि हे अक्षर?’ ‘टेबलाचा ऐ.’

त्या मुलाला चुकीचं ठरवायला माझं मन धजत नाही. ऐरण त्याने आयुष्यात पाहिलेली नव्हती. समोरच्या चित्राला काहीतरी अर्थ असणार, एवढा विश्वास मात्र त्याच्याकडे होता. आवाज एकीकडे, आकार दुसरीकडे आणि अर्थ तिसरीकडे, अशी त्याची अवस्था झाली होती. वाचायला शिकणं म्हणजे या तिघांची गाठ घालणं. ही गाठ कशी पडते, शाळेत ती का सुटते आणि काही शिक्षकांनी ती बांधायच्या कोणत्या वाटा शोधल्या, ते या लेखात पाहू.

बेरीज नव्हे, गुणाकार

फिलिप गफ आणि विल्यम टन्मर या दोन अभ्यासकांनी १९८६ साली वाचनाचं एक साधं सूत्र मांडलं. वाचन म्हणजे लिपी उलगडता येणं गुणिले भाषा समजणं. सूत्राचं सगळं मर्म त्या ‘गुणिले’त आहे. बेरीज असती, तर एक बाजू शून्य असूनही थोडं वाचन हाती लागलं असतं. गुणाकारात एक बाजू शून्य झाली की उत्तरही शून्यच येतं.

हे आपल्या घरातल्या उदाहरणावरून पटतं. आपल्यापैकी कित्येकजण संस्कृत स्तोत्र खणखणीत वाचतात, पण एका ओळीचाही अर्थ विचारला तर गप्प होतात. तिथे लिपी उलगडली, पण भाषा समजली नाही. उलट गावातली एखादी आजी सप्ताहातलं कीर्तन अक्षर अन् अक्षर समजून घेते, बुवांच्या आधी दृष्टांताचा शेवट सांगते, पण एसटीची पाटी मात्र दुसऱ्याकडून वाचून घेते. तिची भाषा भरलेली आहे, फक्त लिपीची बाजू रिकामी आहे. पहिलीत आलेलं मूल या आजीसारखं असतं. सहा वर्षांत ते बोलायला, भांडायला, थापा मारायला, गोष्ट रंगवायला शिकलेलं असतं. आपण मात्र पहिल्या दिवशी त्याची ती भरलेली बाजू बंद करतो आणि महिनोन् महिने नुसती अक्षरं घोकून घेतो. दोन वर्षांनी ते मूल स्तोत्र वाचणाऱ्यासारखं होतं. धडा घडाघडा वाचतं, पण ‘गोष्टीत कोण कोण होतं?’ म्हटलं की खिडकीबाहेर बघतं.

आपली लिपी सोपी आहे, पण किती?

‘मराठी जशी बोलतो तशी लिहितो’ हे वाक्य आपण अभिमानाने म्हणतो. बऱ्याच अंशी ते खरं आहे, पण लहान मुलाच्या नजरेने पाहिलं तर त्यात अनेक खाचखळगे दिसतात. ‘कि’ घ्या. म्हणताना आधी क् आणि मग इ, पण कागदावर वेलांटी आधी येते. मात्रा अक्षराच्या डोक्यावर बसते, उकार पायाशी लोंबतो, काना पाठीशी उभा राहतो. ‘र’ची गंमत तर विचारू नका. राजा, सूर्य, चक्र, ट्रक, दऱ्या या पाच शब्दांत एकच र पाच वेषांत येतो. अनुस्वाराचा ठिपका एकच, पण अंगण, अंडं, अंतर आणि आंबा हे शब्द सावकाश म्हणून पाहा, जीभ प्रत्येक वेळी वेगळ्या जागी जाते. ‘चिंच’ या एवढ्याशा शब्दात दोन च आहेत आणि दोन्हींचे उच्चार वेगळे. ‘सरबत’ आपण ‘सर्‌बत्’ असं म्हणतो, पण स-र-ब-त असं एकेक अक्षर फोडून वाचणाऱ्या मुलाला आपण काय पितो आहोत याचा पत्ताच लागत नाही.

शिवाय संख्या पाहा. ॲ आणि ऑ धरून बाराखडीची आता चौदाखडी झाली आहे. चौतीस व्यंजनांना चौदा स्वर जोडले की पावणेपाचशेहून एक अधिक अक्षरं होतात, आणि जोडाक्षरं त्याच्या पुढे. एवढं सगळं पाठ झाल्याशिवाय वाचायचंच नाही असं ठरवलं, तर मुलाने खरा शब्द, खरं वाक्य कधी वाचायचं?

वर्णमालेचा क्रमही इथे मदतीला येत नाही. तो क्रम मुळात आवाज तोंडात कुठे तयार होतो यावरून लावलेला आहे. कंठापासून ओठापर्यंतची ती रांग विचारपूर्वक रचलेली आहे आणि मोठेपणी ती कळली की मन थक्क होतं. पण त्याच रचनेमुळे सारखे आवाज शेजारी शेजारी येतात: त थ द ध, प फ ब भ. नवख्याला नेमकी तिथेच गफलत होते. आणि ण, ळ यांनी तर मराठीत शब्दच सुरू होत नाही, म्हणून बिचाऱ्या तक्त्याला ‘ण बाणातला’, ‘ळ बाळातला’ म्हणावं लागतं.

चार अक्षरांत एक गोष्ट

यावरचा एक नामी उपाय म्हणजे अक्षरगट. सगळी अक्षरं एकदम न देता थोडीच निवडायची. दिसायला आणि ऐकायला एकमेकांपासून लांबची, पण रोजच्या शब्दांत वारंवार येणारी. आणि त्यांच्यासोबत पहिल्याच आठवड्यात एकदोन स्वरचिन्हं द्यायची. महाराष्ट्रात या दिशेने निष्ठेने काम झालं, त्यात फलटणचं नाव घ्यावंच लागेल. भाषाशास्त्रज्ञ डॉ. मॅक्सीन बर्नसन अमेरिकेतून आल्या, मराठी शिकल्या, फलटणच्याच झाल्या आणि तिथे त्यांनी प्रगत शिक्षण संस्था उभी केली. ज्या घरांत पुस्तक नाही अशा घरांतली मुलं वाचती कशी होतील, या प्रश्नाला त्यांनी वर्षानुवर्षं वाहून घेतलं. पालघर जिल्ह्यात वाडा तालुक्यातल्या सोनाळे इथून चालणाऱ्या ‘क्वेस्ट’ या संस्थेनेही आदिवासी मुलांसोबत वाचन-लेखनाचं असंच चिकाटीचं काम केलं आहे.

अक्षरगट कसा चालतो ते करूनच बघू. क, म, ल, न ही चार अक्षरं घ्या आणि त्यांना काना व दुसरी वेलांटी द्या. बस्स, एवढंच सामान. आता काका, मामी, कान, नाक, मान, लाल, काम, कमी, कमान, नाना हे शब्द झाले. आणि पुढची गोष्टही झाली:

काकीला काम.
मामीला काम.
नानाला?
ना!

चार ओळींची ही गोष्ट मी पहिलीच्या मुलांसमोर फळ्यावर लिहिली आहे. ‘ना!’ला मुलं खळखळून हसतात. अक्षरं ओळखता येऊन अर्थ न कळलेला माणूस हसत नाही. हसू आलं म्हणजे गुणाकाराच्या दोन्ही बाजू भरल्या. मग वर्गात वाद रंगतो, नानाला काम का नाही? तो आजारी आहे की आळशी? एका मुलीने ठासून सांगितलं होतं, ‘नाना बारका आहे, म्हणून.’ हा वाद म्हणजे आकलन. त्यासाठी वेगळी प्रश्नपत्रिका लागत नाही.

घोकंपट्टीला विरोध करता करता काहीजण दुसऱ्या टोकाला जातात. मुलांना नुसती सुंदर पुस्तकं द्या, ती आपोआप वाचू लागतील, असं मानतात. हे मला मान्य नाही. बोलणं आपोआप येतं, वाचणं येत नाही. लिपी माणसाने बनवलेली गोष्ट आहे, ती कुणीतरी शिकवावीच लागते, क्रमाने आणि न कंटाळता. घरी गोष्टी वाचून दाखवणारं कुणी आहे, ते मूल एक वेळ तरून जाईल. ज्याच्या घरी छापील कागद म्हणजे फक्त रेशनकार्ड आणि वीजबिल, त्याला शाळेनेच अक्षरं नीट शिकवायला हवीत. चौदाखडीचा तक्ताही फेकून देऊ नका. वाचता येऊ लागलेलं मूल तो तक्ता पाहून ‘अरे, हे सगळं एका नियमाने चाललंय!’ असं म्हणतं, तेव्हा त्याची खरी किंमत वसूल होते.

कान तयार करायला तर आपल्याकडे घरचाच खजिना आहे. भेंड्या खेळणारं मूल शब्दातला शेवटचा आवाज अचूक वेगळा काढतं, तेही पाटी-पेन्सिल हातात न घेता. शिक्षकाने एवढंच करायचं की भेंड्यांचा खेळ चालू असताना ते शेवटचं अक्षर फळ्यावर लिहायचं.

आधी मुलाची भाषा

‘माझा’ला ‘मना’ म्हणणारं खानदेशातलं मूल, ‘मला’ला ‘मले’ म्हणणारं वऱ्हाडातलं, ‘माका’ म्हणणारं मालवणातलं आणि घरी वारली, भिली, कोरकू किंवा गोंडी बोलणारं मूल शाळेत आलं की पहिल्याच दिवशी त्याला ‘असं नाही, असं म्हण’ ऐकावं लागतं. दोनदा टोकलं की मूल बोलेनासं होतं. बोलत नाही त्या मुलाची भाषेची बाजू शिक्षकाला दिसतच नाही, आणि मग शेरा पडतो, ‘अबोल आहे, अभ्यासात मागे.’

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर नेलं. तिथली मुलं गुरं चारायला जायची, शाळेत कशी येणार? मग शाळाच कुरणावर गेली. ‘कुरणशाळा’ हा शब्दच किती बोलका आहे! अंगणवाडी ही कल्पनाही त्यांच्याच कामातून आली. मूल जिथे आहे तिथे शाळेने जायचं, हे त्यांनी पायांनी करून दाखवलं. भाषेच्या बाबतीत तेवढीच पायपीट अजून बाकी आहे. मुलाने ‘मले भूक लागली’ म्हटलं, तर ते तसंच फळ्यावर लिहावं. त्याच्या तोंडून निघालेलं वाक्य त्याला वाचता येणं सर्वांत सोपं, कारण पुढे काय येणार हे त्याला आधीच ठाऊक असतं. शेजारी ‘मला भूक लागली’ लिहावं आणि विचारावं, पुस्तकात कसं लिहितात? काही दिवसांत मुलं दोन्ही रूपं वापरू लागतात, आणि आपलं घरचं रूप चुकीचं आहे अशी खंत त्यांच्या मनात राहत नाही.

गोष्ट वाचून दाखवणं हे त्याच्याच पुढचं पाऊल. सांगणं वेगळं, पुस्तक हातात धरून वाचणं वेगळं. वाचताना मुलांना कळतं की तीच गोष्ट उद्याही त्याच शब्दांत येते, कारण ती कागदावर आहे. ‘क्वेस्ट’च्या ‘गोष्टरंग’ उपक्रमात तरुण कलाकार मुलांच्या पुस्तकांतल्या गोष्टी नाटकासारख्या सादर करतात. नुकतीच डोळ्यांसमोर घडलेली गोष्ट पुस्तकात सापडली की मुलं त्यावर तुटून पडणारच. पुस्तकं नाहीत ही अडचण खरी आहे, पण पूर्वीएवढी मोठी राहिलेली नाही. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट मिळतात, आणि १९७१ पासून निघणारं ‘किशोर’ मासिक तर आपल्या हक्काचं आहे.

लिहिणं म्हणजे हस्ताक्षर नव्हे

शाळेत ‘लेखन’ म्हणजे बहुतेक वेळा उतरवून काढणं असतं. धड्याच्या दहा ओळी सुवाच्य अक्षरात काढायच्या. त्याने बोटांना वळण लागतं, हे मान्य. पण लिहिण्यात दोन वेगळी कामं आहेत. काय सांगायचं ते मनात रचणं आणि रचलेलं कागदावर उतरवणं. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या रचत, आणि त्यांचे चिरंजीव सोपानदेव व घरातली मंडळी लिहून घेत. रचना हाताच्या आधी तयार असते, याचा याहून मोठा पुरावा मराठी माणसाला नको.

म्हणून हात तयार होईपर्यंत मुलाने सांगावं आणि शिक्षकाने लिहून घ्यावं. चित्र काढलेल्या कागदाखाली त्याचं एक वाक्य, त्याच्याच शब्दांत. हळूहळू मूल स्वतः लिहू लागतं आणि अर्थातच चुकतं. ‘दप्तर’चं ‘दपतर’ होतं. या चुकीकडे मी आनंदाने बघते, कारण मुलाने आवाज ऐकून, विचार करून अक्षरं निवडलेली आहेत. पाहून उतरवणाऱ्याची अशी चूक होत नाही, पण त्यात त्याचा विचारही नसतो. लाल पेनने पूर्ण वही रंगवली, तर पुढच्या वेळी मूल फक्त बिनचूक येणारे शब्द लिहील आणि त्याची भाषा आखडेल. आधी मजकुराला उत्तर द्यावं: ‘मग कुत्र्याचं काय झालं?’ शुद्धलेखनाला वेगळा तास ठेवावा, आणि तोही शोधाचा. फूल–फुलाला, मीठ–मिठाला, दूध–दुधाला, वीट–विटेला अशा जोड्या मुलांना जमवायला सांगा. पंधराएक झाल्या की वर्गातूनच कुणीतरी ओरडतं, ‘शेपूट लागलं की ते ऱ्हस्व होतंय!’ स्वतः शोधलेला नियम मूल सहसा विसरत नाही.

लिहायला कारण मात्र हवं. ‘माझा आवडता पक्षी’वर चाळीस वह्यांत चाळीस मोर नाचतात, मुलाने मोर पाहिलेला असो वा नसो. त्याऐवजी वर्गात पुठ्ठ्याची टपालपेटी ठेवा आणि रोज कुणीतरी कुणाला तरी चिठ्ठी लिहायची असं ठरवा. पोषण आहाराच्या खिचडीबद्दलची तक्रार, बाजाराची यादी, आजीला विचारून लिहिलेली रव्याच्या लाडवाची कृती, सगळं चालेल. कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये सुरू केलेल्या सृजन आनंद विद्यालयाने मुलाच्या अनुभवाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवलं. अनुभव असला की शब्द येतात. आणि लिहिलेलं कुणीतरी वाचणार आहे हे कळलं की मूल स्वतःहून पुन्हा लिहायला बसतं. भित्तिपत्रक आणि हस्तलिखित या आपल्या शाळांच्या जुन्या परंपरा आहेत. वर्षातून एकदा पाहुण्यांच्या हस्ते प्रकाशनापुरत्या त्या उरल्या आहेत, त्या दर पंधरवड्याला हव्यात.

कवितेचा भावार्थ लिहा

कविता शिकवताना आपण सर्वांत जास्त घाई करतो. एकदा वाचली, कठीण शब्दांचे अर्थ दिले, भावार्थ लिहून दिला, तास संपला. दहावीपर्यंत पोचेतो रसग्रहणाचेही तयार साचे हाती येतात. कवीचं नाव बदललं की तेच उत्तर दुसऱ्या कवितेलाही लागू पडतं! माझं म्हणणं असं की भावार्थ सर्वांत शेवटी विचारावा, आणि कधी कधी विचारूच नये.

आधी कविता मोठ्याने म्हणायची. अर्ध्या वर्गाने एक ओळ, उरलेल्यांनी दुसरी. मग कुजबुजत, मग भांडणाच्या सुरात. सूर बदलला की अर्थ हलतो, हे मुलांना कानानेच कळतं. नंतर फळ्यावर कविता लिहून मधला एक शब्द झाकायचा: इथे काय असेल? मुलं दहा शब्द सुचवतात. मग कवीचा शब्द उघडायचा आणि विचारायचं, त्याने हाच का घेतला असेल? शब्दाच्या निवडीवर चाललेली ती चर्चा हेच रसग्रहण. आणि ‘कवीला काय म्हणायचं आहे?’ या प्रश्नाऐवजी ‘तुझ्या मनात कुठली ओळ राहिली?’ असं विचारावं. त्याला चुकीचं उत्तर नसतं, म्हणून मागच्या बाकावरचाही हात वर जातो.

रूपकासारखी अवघड वाटणारी गोष्ट मुलांना आधीच येत असते, कारण त्यांना कोडी येतात. ‘सुपभर लाह्या, त्यात एक रुपया’ म्हटलं की पोरं आभाळाकडे बोट दाखवतात. ‘पाटीलबुवा रामराम, दाढीमिशा लांब लांब’ म्हटलं की मक्याचं कणीस. एका वस्तूत दुसरी दिसणं, एवढंच तर रूपक! मग मुलांना सांगायचं, दप्तरातल्या एका वस्तूचं नाव न घेता कोडं कर. एवढं झालं की रूपकाची व्याख्या एका वाक्यात सांगून पुढे जाता येतं.

यादीतूनही कविता होते. ‘सकाळी डोळे मिटून ऐकू आलेले पाच आवाज लिही.’ कुकरची शिट्टी, आजीचा खोकला, नळाला पाणी आल्यावरची हंड्यांची घाई. एकाखाली एक लिहून वाचलं की वर्ग शांत होतो.

आणि मग छंद. लघु-गुरू मोजायची वृत्तं नंतर आली तरी चालतील. आपल्याकडे अभंगासारखा अक्षरं मोजायचा छंद आहे, आणि बोटांवर मोजता येणाऱ्या कुणालाही तो जमतो. मोठ्या अभंगाच्या चार चरणांत सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक. ऱ्हस्व असो की दीर्घ, अक्षर एकच. जोडाक्षरही एकच. ‘पुस्तक’ची तीन अक्षरं की चार, यावर चौथीचा वर्ग हमरीतुमरीवर येतो, आणि जोडाक्षराचा धडा त्या भांडणात आपसूक होऊन जातो.

जूनमधल्या एका दिवशी चौथीच्या मुलांसोबत मी फळ्यावर अशी एक रचना केली होती. मोठ्याने मोजत, बोटं उघडत:

पहिला पाऊस
कौलांवर नाचे
अंगणात साचे
तळे नवे

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खिडकीजवळची एक मुलगी मात्र गप्प होती. विचारलं तर म्हणाली, ‘बाई, आमच्याकडं कौलं नाहीत. पत्रा हाय. लई वाजतो.’ वर्गाने तिला सांगितलं, मग तुझा पत्रा घाल. ती फळ्याशी आली आणि बोटं मोजू लागली. प. त्र्या. इथे अडली. ‘त्र्या’चं एक धरायचं की दोन? मागून कुणी ‘दोन!’ ओरडलं, कुणी ‘तीन!’ तिने तोंडातल्या तोंडात दोनदा म्हणून पाहिलं आणि एकच बोट उघडलं. व. र. ना. चे. सहा झाली. तिने ‘कौलां’ तळहाताने पुसलं आणि त्या जागी ‘पत्र्या’ लिहिलं, थोडं तिरकं.